मदत हवी आहे: पावसात वीज जाते तेव्हा फ्रिज आणि सुकी मासळी कशी सांभाळावी?

नमस्कार मंडळी. घर कुडाळ तालुक्यात, वाडीच्या अगदी टोकाला. पावसात लाइनीवर झाड पडलं की वीज कधी रात्रभर, कधी दीड-दोन दिवस येत नाही. घरी आई-वडील दोघंच असतात, त्यामुळे जनरेटर नको आणि रोजची ओढाताणही नको. सोलरला जागा नाही, छपरावर माडांची सावली.

फ्रिज 190 लिटरचा, एका दाराचा. इन्व्हर्टर 850 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे भार पेलायची क्षमता), साइन वेव्ह, बॅटरी 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवण) ट्युब्युलर. सध्या त्यावर फक्त दिवे-पंखे चालतात. पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवतो, दार उघडत नाही. तेवढ्यावर दूध सकाळपर्यंत टिकतं, पुढे नासतं.

खरी काळजी सुक्या मासळीची. मे महिन्यात कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो, तरी श्रावणापर्यंत बांगड्याच्या कल्ल्यांपाशी पांढरी बुरशी धरते, बोटाला चिकट लागतं. चुलीवर धुरात टांगून पाहिलं. बुरशी थांबली, पण जवळा (बारीक सुकी कोळंबी) कडवट झाला. फ्रीजरमध्ये ठेवावी तर वरचाच प्रश्न. कुळीथ, आमसुलं, पापड नीट राहतात, त्यांची चिंता नाही.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जो जादा करंट ओढतो, तो झटका हा इन्व्हर्टर पेलेल का, आणि पेलला तर फ्रिज सलग चालवावा की दिवसातून दोनदा तास-दीड तास? आणि सोडे (सोललेली सुकी कोळंबी), जवळा, बांगडा गणपतीपर्यंत फ्रिजशिवाय, धुराशिवाय कोरडे कसे ठेवता?