मदत हवी आहे: ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्यांच्या टिक्क्या आतून गिजगिजीत राहतात

सकाळची_घाई
गेले तीन आठवडे मी मुलांसाठी भाज्यांच्या टिक्क्या न तळता ओव्हनमध्ये भाजून पाहत आहे आणि प्रत्येक वेळी तोच प्रकार होतो. वरून चांगला रंग येतो, परंतु सुरी खुपसली की पात्याला केशरी-हिरवा लगदा चिकटून येतो आणि खालची बाजू तर कागदालाच धरून राहते. ज्या थोड्या बऱ्या निघतात, त्याही डब्यात दुपारपर्यंत पुन्हा मऊ पडतात. पाककृतीत २० मिनिटे सांगितली होती, मी ३५ मिनिटे ठेवून पाहिल्या. पीठ वाढवून पाहिले, तर त्या रबरासारख्या झाल्या. सोमवारपासून शाळा सुरू होत आहे, तेव्हा नेमके काय चुकते तेवढेच कृपया सांगावे. भाज्यांचे फायदे मला ठाऊक आहेत.

थेट_मुद्दा
भाज्या कोणत्या व किती, ओव्हन कोणता, तापमान किती, मुलांची वये काय, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. एवढ्यावरून निदान करायचे तर पत्रिकाच मांडावी लागेल.

आजोबा_ओट्याशी
यात विचारण्यासारखे फारसे काही नाही. मिश्रणात दोन अंडी फोडून घालावीत. अंडे तापले की त्यातली प्रथिने घट्ट होतात आणि सगळा किस एकत्र धरून ठेवतात. मी नातवंडांसाठी टिक्क्या वळण्याच्या फंदातच पडत नाही. मफिनच्या लहान साच्यात पाऊण भरेल इतके मिश्रण ओततो आणि भाजतो. आजवर एकदाही फसलेले नाही.

सकाळची_घाई
अंडे चालणार नाही, धाकट्याला त्याची ॲलर्जी आहे. भाज्या म्हणजे झुकिनी, गाजर आणि थोडा पालक. सोबत ओट्सचे पीठ आणि चीज असते. तापमान १८० अंश.

थेट_मुद्दा
ॲलर्जीची गोष्ट प्रश्नाच्या पहिल्या ओळीत यायला हवी होती, म्हणजे आजोबांचा सल्ला वाया गेला नसता. ओव्हनचा प्रकार आणि मुलांची वये अजूनही गुलदस्त्यातच आहेत.

फुलपाखरू_कापते
माझी मुलगी पालक पाहिला की तोंड फिरवत असे. मी तो वाटून बटाट्यात मिसळू लागले आणि कापणीच्या साच्याने फुलपाखरे कापू लागले, तेव्हापासून ती तक्रार न करता खाते. आपणही आकार बदलून पाहा, मुले आकाराला भुलतात.

सकाळची_घाई
माझी मुले भाज्या खातात. प्रश्न तो नाही. फुलपाखरूसुद्धा आतून कच्चेच राहणार.

रसायनाचा_तास
आपण निवडलेल्या भाज्यांतच उत्तर आहे. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असते, पालकात ९१ च्या आसपास आणि गाजरातही ८८ टक्क्यांच्या घरात. म्हणजे आपण जे भाजत आहात ते बहुतांशी पाणी आहे. टिक्कीच्या ज्या भागात मोकळे पाणी शिल्लक असते, त्या भागाचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि खमंग तपकिरी रंग देणारी अभिक्रिया तर साधारण १४० अंशांनंतर वेग घेते. आपल्या टिक्कीचा वरचा पापुद्रा वाळतो म्हणून त्याला रंग येतो, मात्र आत भाजणे होतच नाही, वाफवणे होते. वेळ २० वरून ३५ मिनिटे केल्याने वरचा भाग करपू लागेल, परंतु पाण्याचा प्रश्न तसाच राहील. पीठ वाढवणे हाही उपाय नाही, कारण जादा पीठ तेच पाणी शोषून चिवट होते आणि आपण म्हणता तसे रबर तयार होते. किस भाजण्याआधीच पिळून कोरडा करावा लागतो. पालक कच्चा न घालता एक मिनिट परतून, निववून, मुठीत दाबून घ्यावा.

एअर_फ्रायरवाली
हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा एअर फ्रायर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्याकडे त्याच टिक्क्या १२ मिनिटांत होतात.

रसायनाचा_तास
एअर फ्रायर म्हणजे जोरदार पंख्याचा लहानसा ओव्हनच होय. हवा वेगाने फिरते आणि जाळीमुळे खालूनही लागते, म्हणून पृष्ठभाग लवकर वाळतो, हे मान्य. परंतु ओला किस त्यातही आतून ओलाच राहतो.

एअर_फ्रायरवाली
माझ्या राहत नाहीत. आपण तो वापरला आहे का, हे आधी सांगावे.

थेट_मुद्दा
त्यांच्याकडे जे यंत्र आहे त्यावर बोलू या. ते कोणते, हे त्यांनी सांगितले तर बरे होईल.

सकाळची_घाई
यंत्र कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेवर भाजण्याची, सोय असलेला मायक्रोवेव्ह आहे. कन्व्हेक्शनवरच लावते, एवढे मला समजते. आतल्या फिरणाऱ्या काचेच्या ताटलीवर कागद पसरून त्यावर टिक्क्या मांडते. मोठी सहा वर्षांची आहे, डबा तिचा असतो. धाकटा १६ महिन्यांचा आहे आणि घरीच खातो.

थेट_मुद्दा
खालची बाजू कागदाला का चिकटते, हे आता उघड झाले. काचेच्या ताटलीमुळे खालून हवा लागत नाही, शिवाय काच सावकाश तापते. यंत्रासोबत धातूचे तिकाटणे किंवा जाळीचा स्टँड आलेला असतो. तो ताटलीवर ठेवून त्यावर, कन्व्हेक्शनसाठी चालणारा पातळ धातूचा ट्रे ठेवावा. ट्रे रिकामाच आत ठेवून यंत्र आधी २०० अंशांपर्यंत तापू द्यावे आणि मग त्या गरम ट्रेवर, हात सांभाळून, टिक्क्या मांडाव्यात. ओल्या किसाला पहिल्या मिनिटालाच खालून चटका बसला की पापुद्रा धरतो आणि टिक्की सुटून येते. थंड काचेवर ठेवलेली टिक्की तापेपर्यंत पाणी सोडत बसते आणि कागद भिजतो. मीठ आपण केव्हा घालता?

सकाळची_घाई
रात्री. सगळे एकत्र कालवून झाकून फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी फक्त वळायचे आणि भाजायचे. ओट्स भिजलेले बरे असतात, असे कुठेतरी वाचले होते.

रसायनाचा_तास
मीठ पेशींमधले पाणी बाहेर ओढते. आपण आठ-नऊ तास किसाला पाणी सोडायला लावता आणि सकाळी तेच पाणी टिक्कीत वळता. ओट्सच्या पिठाला भिजायला दहा मिनिटे पुरतात. मिठाचा हाच गुणधर्म उपयोगी आणावा: झुकिनीच्या किसाला मीठ चोळून १५ मिनिटे चाळणीत ठेवावे, मग पातळ सुती फडक्यात बांधून पिळावे आणि भाजायच्या थोडे आधीच बाकीचे जिन्नस मिसळावेत.

चिमूटभर_कमी
१६ महिन्यांच्या मुलाच्या खाण्यासाठी किसाला मीठ चोळण्याचा सल्ला देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या मार्गदर्शनानुसार १ ते ३ वर्षांच्या मुलांना दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ देऊ नये आणि ४ ते ६ वर्षांसाठी ही मर्यादा ३ ग्रॅम आहे. शिवाय यांच्या टिक्कीत चीज आहेच. १०० ग्रॅम चेडर चीजमध्ये सुमारे १.८ ग्रॅम मीठ असते, म्हणजे ३० ग्रॅमच्या तुकड्यातूनच अर्ध्या ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाते.

रसायनाचा_तास
पिळताना बरेचसे मीठ पाण्याबरोबर निघून जाते.

चिमूटभर_कमी
बरेचसे म्हणजे सगळे नव्हे. बिनमिठाचा किससुद्धा पिळता येतो, पाणी थोडे कमी निघते आणि मनगटे दुखतात, इतकेच. राहिलेला ओलावा उकडलेला बटाटा सावरून घेतो.

आजोबा_ओट्याशी
अंडे चालत नसेल तर जवस चालतो. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की अंड्यासारखी बुळबुळीत होते. हे मी सुनेकडून शिकलो, तेव्हा आता माझा सल्ला वाया गेला असे कोणी म्हणू नये.

थेट_मुद्दा
सल्ला चांगला आहे, फक्त एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. जवस मिश्रणाला चिकटपणा देतो, परंतु अंड्यासारखा तापून घट्ट होत नाही. म्हणून जवसावर केलेली टिक्की ओव्हनमधून काढल्याबरोबर मऊच लागते. ती ट्रेवर दहा मिनिटे तशीच राहू द्यावी, निवताना बटाट्याचा आणि ओट्सचा स्टार्च घट्ट होतो. मला शंका आहे की आपण सुरी गरम टिक्कीतच खुपसत असाल.

सकाळची_घाई
हो, काढल्या काढल्या. नाही तर शिजली की नाही ते कळणार कसे?

खमंग_हवे
माझ्या मते १८० अंश हेच मूळ दुखणे आहे. सरळ २३० वर न्यावे आणि चांगल्या गडद तपकिरी होऊ द्याव्यात, म्हणजे आत पाणी राहायचे नावच नको.

चिमूटभर_कमी
गडद तपकिरी तर मुळीच करू नयेत. बटाटा आणि धान्य यांसारखे स्टार्चयुक्त पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले किंवा तळले की त्यांत ॲक्रिलामाइड हे कर्करोगाचा धोका वाढवू शकणारे रसायन तयार होते आणि रंग जितका गडद तितके ते अधिक. २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी हे दाखवून दिल्यापासून सोनेरी रंगावर थांबण्याचा सल्ला दिला जातो.

थेट_मुद्दा
२०० अंशांवर, एक सेंटीमीटर जाडीच्या टिक्क्या, २० ते २५ मिनिटे आणि मध्ये एकदा उलटणे, एवढे पुरेसे आहे. जाडी महत्त्वाची आहे, कारण मुलांसाठी म्हणून आपण बहुधा गुबगुबीत वळत असाल. प्रमाण हवे असेल तर २५० ग्रॅम झुकिनी आणि १०० ग्रॅम गाजर किसून पिळलेले, १५० ग्रॅम उकडून कुस्करलेला बटाटा, ६० ग्रॅम ओट्सचे पीठ, वर सांगितलेला जवस आणि एक मोठा चमचा तेल. तेलाला बिचकू नये, गाजरातले कॅरोटिन शरीरात शोषले जाण्यास स्निग्धांशाची मदतच होते. धाकट्यासाठी बोटाएवढ्या लांब कांड्या कराव्यात. अंगठा आणि तर्जनीत दाबल्यावर सहज चिरडल्या जातील इतक्या त्या मऊ असाव्यात. म्हणजे मोठीला जे कुरकुरीत हवे, ते धाकट्याला नको. गाजर अगदी बारीक किसावे, कच्चा कडक तुकडा त्याच्या घशात अडकू शकतो.

एअर_फ्रायरवाली
आणि डब्यात मऊ का पडतात, हे कोणीच सांगितले नाही. गरम भरून झाकण लावले की वाफ झाकणाला लागते आणि तेच पाणी टिक्कीवर ठिबकते. एअर फ्रायर असो वा नसो, जाळीवर पूर्ण निववूनच डबा भरावा.

चिमूटभर_कमी
याबाबतीत आपले एकमत आहे. मात्र निववताना दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. आदल्या संध्याकाळी भाजून, निववून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि सकाळी डब्यात बर्फाची लहान थैली ठेवावी, हे अधिक सुरक्षित. अर्थात, फ्रिजमधली टिक्की थोडी मऊ पडणारच.

सकाळची_घाई
आज करून पाहिल्या. बिनमिठाचा किस फडक्यात पिळला. २५० ग्रॅम झुकिनीतून वजनकाट्यावर ७० ग्रॅम हिरवट पाणी निघाले आणि ते पाहून मी थक्क झाले. आजवर हे सगळे मी भाजत होते! धातूचा स्टँड यंत्राच्या खोक्यातच होता, प्लास्टिकमधून काढलेलासुद्धा नव्हता. पहिल्या खेपेच्या टिक्क्या कागदाशिवाय ट्रेवरून टणकन सुटल्या. दहा मिनिटे थांबून कापल्या तर सुरी जवळजवळ कोरडी आली. दुसऱ्या खेपेच्या किंचित ओलसर राहिल्या, कारण तोवर वाडग्याच्या तळाशी पुन्हा पाणी सुटले होते. डब्याचे सोमवारी कळेल. आता ते हिरवट पाणी पेल्यात भरून ठेवले आहे, त्याचे काय करावे?

आजोबा_ओट्याशी
फेकू नये, सूपमध्ये घालावे.

फुलपाखरू_कापते
टिक्क्या कोणत्या आकाराच्या केल्या होत्या?

सकाळची_घाई
गोल.