पाळत, निगराणी आणि सरकारला विचारायचा जाब

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक) :
नागरिकांचे फोन बेकायदा ऐकले, किंवा त्यांच्या येण्याजाण्यावर बेकायदा लक्ष ठेवले, तर सरकारकडे दाद कशी मागावी, याविषयी आम्ही काही जण मराठीत माहितीपत्रक तयार करीत आहोत. मसुद्यात कोणी ‘निगराणी’ लिहिले आहे, कोणी ‘टेहळणी’, तर कोणी ‘पाळत’. पुढे सरकारचे ‘उत्तरदायित्व’ म्हणावे, ‘जबाबदेही’ म्हणावे की सरळ ‘जाब’ म्हणावे, यावरही एकमत होत नाही. जाणकारांनी अर्थच्छटा उलगडून सांगाव्यात, ही विनंती.

प्रतिसाद (पंचवटी) :
‘पाळत’ हाच शब्द घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ अशी पाटी दुकानाच्या दारावर असते, तेव्हा निगराणी उघड असते, समोरच्याला सांगून केलेली असते, आणि तिच्यात सांभाळण्याचा भावही असतो. टेहळणी बुरुजावरून होते, सीमेवर होते. ती प्रदेशाची आणि शत्रूच्या हालचालींची असते. पाळत मात्र ठरावीक माणसावर, त्याच्या नकळत आणि काही हेतू मनात धरून ठेवली जाते. चोर पाळत ठेवून घर फोडतात आणि पोलीसही पाळत ठेवूनच चोराला पकडतात. शब्द मुळात चांगला किंवा वाईट नाही, म्हणूनच त्याला ‘बेकायदा’ हे विशेषण लावण्याला अर्थ उरतो.

नामापेक्षाही क्रियापदाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला वाटते. ‘नागरिकांवर पाळत ठेवली गेली’ असे लिहिले की पाळत ठेवणारा वाक्यातून निघून जातो आणि जाब विचारायला कोणी उरतच नाही. कायद्याने मात्र हा कर्ता नेमून दिलेला आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम ५(२) नुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या दोन प्रसंगीच संदेश मध्येच अडवून ऐकता येत असत. हा अधिकार वाटेल तसा वापरला जाऊ नये म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निकाल दिला आणि असा आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांनीच द्यावा, तो कारणांसह द्यावा आणि समितीने तो तपासावा, असे बंधन घातले. २००७ मध्ये टेलिग्राफ नियमांत नियम ४१९अ आला आणि आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवली तरी एकूण १८० दिवसांपलीकडे नाही, असे ठरले. राज्यातील पुनर्विलोकन समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालील २०२४ चे नियम आले असले, तरी गृह सचिवांचा आदेश, ठरावीक मुदत आणि समितीची तपासणी हा सांगाडा कायम आहे. तेव्हा माहितीपत्रकात ‘पाळत ठेवण्याचा आदेश कोणी दिला, कोणते कारण नोंदवले आणि समितीने तो केव्हा तपासला’ असे कर्तरी वाक्य हवे.

प्रतिसाद (जिल्हा न्यायालयात वकिली) :
वरील मताशी सहमत आहे, परंतु मसुदा लिहिणाऱ्यांना एका शब्दापासून सावध करू इच्छितो. ‘बेकायदा’ फार कडक वाटतो म्हणून पुष्कळ जण ‘अनधिकृत’ लिहितात. हे दोन शब्द समानार्थी नाहीत. ज्याला अधिकारच नाही त्याने केलेले ते अनधिकृत. पण ज्याला अधिकार आहे, त्याने कायद्याच्या अटी मोडून केलेले कामही बेकायदाच ठरते. मुंबई उच्च न्यायालयाचा २२ ऑक्टोबर २०१९ चा निकाल याचे ठळक उदाहरण आहे. लाचखोरीच्या एका प्रकरणात एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्यासाठी केंद्रीय गृह खात्याने तीन आदेश दिले होते. आदेश सक्षम अधिकाऱ्याचे होते, कागदावर होते. पण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न तेथे नव्हता. न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा आदेश दिला. आता या प्रसंगाला ‘अनधिकृत’ म्हणून पाहा. सहीशिक्क्यानिशी दिलेला आदेश त्या शब्दाच्या कक्षेत येतच नाही. कागदाशिवाय फोन ऐकणारा खालचा कर्मचारी तेवढा सापडतो आणि सही करणारा सुटतो. म्हणून ‘बेकायदा’ लिहायला कचरू नये. एखाद्या चालू प्रकरणाविषयी लिहिताना ‘बेकायदा पाळतीचा आरोप’ म्हणावे, एवढे पुरेसे आहे.

प्रतिसाद (नाशिक रोड) :
‘जबाबदेही’ हिंदीतून आलेला शब्द आहे आणि मराठी वाक्यात तो उपरा वाटतो. ‘उत्तरदायित्व’ शासकीय मराठीत रुळला आहे, त्याला माझा विरोध नाही. पण हे भाववाचक नाम कोणाचेही नाव न घेता परिच्छेदभर वावरू शकते. ‘जाब विचारणे’ला मात्र ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ ही दोन्ही टोके लागतात. शिवाय ‘जाब विचारणे’ आणि ‘जबाबदार धरणे’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी जाब विचारायचा, आणि उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही, तर जबाबदार धरायचे.

पेगासस या फोनमध्ये नकळत शिरणाऱ्या इस्रायली हेरगिरी सॉफ्टवेअरने नागरिकांवर पाळत ठेवल्याचा आरोप सरकारवर झाला, त्या प्रकरणात पहिली पायरीच अडली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचा अहवाल समोर आला, तेव्हा तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले होते, मात्र ते पेगाससच होते असे ठामपणे म्हणता आले नाही. आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे न्यायालयात सांगण्यात आले. येथे ‘जाब विचारला गेला, परंतु सरकारने तो दिला नाही’ असेच लिहावे लागेल. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीलाही उत्तर मिळत नसेल, तर एकट्यादुकट्या नागरिकाने काय करावे, ही काळजी मला मनापासून वाटते.

दुसऱ्या पायरीसाठी आधार आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. मूलभूत हक्काचा भंग झाल्यास राज्याला सार्वभौमत्वाची ढाल (‘सार्वभौम राज्यावर भरपाईचा दावा चालत नाही’ हा बचाव) पुढे करता येत नाही आणि भरपाई द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या नीलबती बेहेरा खटल्यात कोठडीतील मृत्यूच्या संदर्भात म्हटले होते. हे दोन निकाल एकत्र वाचले, तर बेकायदा पाळतीबद्दल भरपाई मागण्याचा युक्तिवाद उभा राहतो, असे मला वाटते. तेथे ‘मदत’ किंवा ‘अनुदान’ असे शब्द येऊ देऊ नयेत. ‘नुकसानभरपाई’च लिहावे, कारण ती हक्काने मागायची असते.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. ‘बेकायदा पाळत’ आणि ‘जाब विचारणे’ हे आम्ही स्वीकारतो. माहिती अधिकाराच्या अर्जात तोच शब्द वापरावा का?

प्रतिसाद (जिल्हा न्यायालयात वकिली) :
अर्जात ‘जाब’ लिहू नये. माहिती अधिकार अधिनियमाखाली अभिलेख मागता येतो, खुलासा नव्हे. ‘का केले’ असे विचारलेत तर अर्ज तेवढ्यावरच फेटाळला जाऊ शकतो. ‘आदेशांची संख्या’, ‘समितीच्या बैठकांच्या तारखा’ असे नोंदींच्या भाषेत मागावे. गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांना कलम २४ नुसार सूट दिलेली असली, तरी भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांच्या आरोपांशी संबंधित माहिती त्या सुटीत मोडत नाही. म्हणून योग्य असेल तेथे ‘मानवी हक्कांचे उल्लंघन’ हे शब्द अर्जात जसेच्या तसे घालावेत. मानवी हक्कांच्या उल्लंघनाविषयीची माहिती माहिती आयोगाच्या मान्यतेने, अर्ज मिळाल्यापासून ४५ दिवसांत देण्याची तरतूद आहे.