'कणा'तला माणूस हसतो कशासाठी?

शाईपुसणी
कुसुमाग्रजांची 'कणा' स्पर्धांमध्ये मूठ आवळून, 'लढ'वर आवाज चढवून म्हटली जाते. कविता हातची जाते ती तिथेच. जेमतेम चौदा ओळी: पुरात घर गेलेला एक जण भर पावसात सरांकडे येतो, हकिकत सांगतो, पैसे नाकारतो, पाठीवर हात ठेवून फक्त 'लढ' म्हणा एवढंच मागतो. पण सांगतो कसा ते पाहा. 'क्षणभर बसला, नंतर हसला'. त्या मधल्या क्षणात त्याने चेहरा सारखा करून घेतलाय. मग बोलतो ते 'वरती पाहून', म्हणजे नजर चुकवून. आणि पुराला पूर म्हणतच नाही. गंगामाई पाहुणी येते, माहेरवाशिणीसारखी नाचते, जाताना प्रसाद ठेवते. सगळे शब्द सणावाराचे. माझ्या लेखी ही दुःख झाकण्याची कविता आहे.

कोनाडा
असहमत. ही थट्टा बोलीतली आहे, ओढूनताणून आणलेली नाही. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर किती आला ते नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून सांगतात. कुसुमाग्रज त्याच गावात राहिले. नदीला माय म्हणणारा माणूस ती घरात शिरली तर 'पाहुणी आली' असंच म्हणेल. आणि लपवलं काय हो त्याने? भिंत, चूल, होतं नव्हतं, पापण्यांतलं पाणी, सगळं सांगून टाकलंय. क्रियापदंही बघा. 'ठेवले'पाशी भूतकाळ संपतो, पुढे ओळीने लढतो आहे, बांधतो आहे, काढतो आहे. झाकणारा माणूस चिखलगाळाचा हिशेब देत नाही.

शाईपुसणी
क्रियापदांचं मान्य. पण 'मोकळ्या हाती जाईल कशी' परत वाचा. माहेरवाशिणीला ओटी भरून पाठवायची रीत. इथे ती हक्काने काय उचलणार होती? लगेच येतं: 'बायको मात्र वाचली'. त्या 'मात्र'मध्ये बायको जायच्या बेतात होती हे दडलंय. सगळ्यात भयंकर गोष्ट तीन शब्दांत, तीही माहेरच्या थट्टेला जोडून! पुढच्या ओळीत रूपक टिकत नाही. 'भिंत खचली, चूल विझली': दोन-दोन शब्दांची वाक्यं, अलंकार शून्य. तिथे चेहरा घसरतो आणि 'प्रसाद म्हणून' असं म्हणत तो पुन्हा सावरतो.

अर्धविराम
दोघांनीही 'जरा एकटेपणा वाटला' सोडून दिलंत. फिरणाऱ्या प्रतींत अवतरणचिन्ह कधी 'पैसे नकोत सर'नंतर मिटतं, कधी पुढे. आधी मिटलं की काही जण तो एकटेपणा सरांच्या पदरात टाकतात. व्याकरण आड येत नाही, कारण कोणाला वाटला हे ओळीत नाहीच. अर्थ मात्र लागत नाही. पैसे नको होते तर आला कशाला, याचं कवितेतलं एकमेव उत्तर तेवढंच आहे. आणि तेही 'जरा' लावल्याशिवाय तोंडातून निघत नाही. झाकणं शोधायचं तर गंगामाईत नको, या 'जरा'त शोधा.

कोनाडा
'जरा' पटलं. पण आधीची 'बायको' पुढे 'कारभारणीला घेऊन संगे' होते, त्याचं काय? कारभार करायला घर उरलेलं नाही, तरी ती कारभारीणच. हा तोरा खरा आहे. प्रत्येक हसू सोलून आत रडू शोधायची ही हल्लीची खोड मला मंजूर नाही. 'मोडला नाही कणा' हे खोटं धरायला ओळींत पुरावा दाखवा.

अर्धविराम
खोटं कोण म्हणतंय? अर्धं आहे. 'लढ' एकेरी, 'म्हणा' आदरार्थी. म्हणजे 'लढ' हा त्याचा शब्द नाही. सरांनी उच्चारावा म्हणून तो थांबलाय. स्वतः 'लढतो आहे' असं सांगून झालं, तरी कोणीतरी म्हणायला हवंय. शिवाय सरांचा जो हात खिशाकडे गेला, तोच त्याने पाठीवर मागितलाय.

म्हणून दाखवणाऱ्यांसाठी: 'बसला'नंतर थांबा, 'बायको मात्र वाचली' सपाट जाऊ द्या, 'जरा'च्या आधी श्वास घ्या, शेवटी आवाज 'म्हणा'वर उतरवा. 'लढ'वर ओरडलात की विनंतीचा हुकूम होतो. आणि तो हुकूम द्यायचाय सरांनी, याने नाही.

कोनाडा
खिशाकडचा हात पाठीवर, हे लक्षात आलं नव्हतं. पण त्याने माझंच बळ वाढतं. तोंडाने हात मागणारा माणूस काय लपवतोय?

शाईपुसणी
मागतो ते चौदाव्या ओळीत, आणि तेव्हा तो उठून उभा आहे, निघायच्या तयारीत. हात पाठीवर पडला का, हे कविता सांगत नाही.