मदत हवी आहे : ४,२९,४९,६७,२९७ या संख्येच्या विभाजकांविषयी

सप्रेम नमस्कार. पुण्यात सदाशिव पेठेत मी दर रविवारी गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना शिकवते. सध्या २ चा ३२वा घात अधिक १, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९७, ही संख्या आम्ही अभ्यासत आहोत. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला ती मूळ संख्या वाटली होती. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने ६४१ ने तिला भाग जातो हे दाखवले. दुसरा अवयव ६७,००,४१७.

६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, तसेच ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. एवढ्यावरून भाग जातो हे मुलांनी स्वतः फळ्यावर सिद्ध केले, आणि माझ्या मते इतकी देखणी सिद्धता शालेय गणितात क्वचितच भेटते.

अडचण पुढे आहे. या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४क + १ या रूपाचा असतो (क ही कोणतीही धन पूर्ण संख्या), हे फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (मूळ संख्या प ने अ ला भाग जात नसेल, तर अ च्या (प − १)व्या घाताला प ने भागल्यावर शेष १ उरतो) समजावता येते. मात्र तो १२८क + १ या रूपाचाच असतो, हे वर्गशेषांचा (वर्गसंख्यांना मूळ संख्येने भागल्यावर उरणाऱ्या शेषांचा) सिद्धान्त न वापरता, केवळ शेषांच्या गणिताने कसे पटवून द्यावे? हे जमले, तर ६४१ पर्यंत पोहोचण्यापूर्वी फक्त २५७ तपासावी लागते, कारण १२९, ३८५ आणि ५१३ या मूळ संख्या नाहीत.

जाणकारांनी कृपया सर्व पायऱ्यांसह लिहावे.