नळजोडणीचे पैसे ठरवतं कोण?

तापीकाठची :
नमस्कार. नवीन वस्तीत एनए प्लॉटवर आमच्या दोन खोल्या दिवाळीत उभ्या राहिल्या. मिस्टर केळीच्या गाडीवर ड्रायव्हर, मी घरी शिवणकाम करते. नगरपालिकेत अर्धा इंची नळासाठी अर्ज दिला, तर ११,९५० रुपयांचं मागणीपत्र आलं. जोडणी आकार १,५००, अनामत १,०००, रस्ता दुरुस्ती ९,४५०. मागच्या गल्लीत नणंदेने दोन वर्षांपूर्वी सगळे मिळून ३,४०० भरलेत. खिडकीवर विचारलं तर "दर वाढले ताई" एवढंच. ११,९५० म्हणजे माझ्या किती ब्लाउजांची शिलाई, ते मलाच माहीत. हा आकडा ठरवतं कोण? मला तो कागद बघायला मिळेल का?

जुना_लिपिक :
ताई, मी २६ वर्षं पाणीपुरवठा विभागात काढली. खिडकीवरच्या माणसाला दर ठरवायचा अधिकार नसतो. विभाग प्रस्ताव तयार करतो, तो समितीपुढे जातो आणि शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव होतो. निवडून आलेली सभाच नसली तर प्रशासकाच्या सहीने. म्हणजे दरामागे ठराव क्रमांक आणि तारीख असायलाच हवी. तेवढं विचारा.

आता तुमचे तीन आकडे. अनामत तुमचीच, जोडणी बंद केली तर परत मागता येते, म्हणून पावती पत्र्याच्या पेटीत ठेवा. जोडणी आकार एकदाच, पाणीपट्टी वेगळी आणि दर वर्षाची. खरा फरक रस्त्याचा असतो. मुरमाचा रस्ता खणून बुजवणं स्वस्त, डांबरी महाग, काँक्रीट सगळ्यांत महाग. ते पैसे मीटरमागे लागतात. नणंदेची पावती शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघा.

तापीकाठची :
नाना, लावली. तिचाही जोडणी आकार १,५०० आणि अनामत १,०००च आहे! रस्त्याचे फक्त ९००, तेव्हा तिथे मुरूम होता. आमच्यापुढे गेल्या वर्षी सिमेंटचा झाला. म्हणजे "दर वाढले" हे सांगणंच चूक होतं ना?

प्लंबरभाऊ_भुसावळ :
ताई, आते पैसा भरू नका, पहिले मोजी ल्या. ९,४५० म्हणजे मीटरला १,०५० धरून ९ मीटर, अख्ख्या रस्त्याची रुंदी. मोठी लाइन पलीकडच्या बाजूला असेल तर बरोबर आहे. तुमच्याच बाजूने गेली असेल तर एवढं खोदायचंच नाही. बऱ्याचदा कोणी जागेवर न जाता नकाशावरची रुंदी लिहून मोकळं होतं. व्हॉल्व्हचा खड्डा कुठे आहे, बघा.

आणि कोणी एक इंची घ्या म्हणालं तर ऐकू नका. एक इंची पाइपाचं तोंड अर्धा इंचीच्या चौपट असतं. बरेच ठिकाणी दर त्या मापावरच चढतो. दोन खोल्यांना अर्धा इंची पुष्कळ, जमिनीत टाकी मात्र बांधा.

तापीकाठची :
दादा, आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी येतं. आज पहाटे साडेचारला पाणी सोडणारे काका आले तेव्हा मी बॅटरी घेऊन बाहेर उभी होते. खड्डा आमच्या फाटकाच्या डाव्या हाताला, माझ्या शिवणाच्या टेपने दोन मीटरही नाही! लाइन आमच्याच बाजूने जाते, असं काका म्हणाले.

जुना_लिपिक :
मग दोन मीटरचे २,१०० होतात, एकूण ४,६००. भांडू नका, लेखी द्या : "जागेवर मोजणी करून सुधारित मागणीपत्र द्यावे." दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. "दर कसे ठरवले" असं मोघम लिहू नका. नळजोडणी व रस्ता दुरुस्ती दराच्या ठरावाची प्रत आणि तुमच्या मागणीपत्रामागचं मोजमाप, दोनच गोष्टी मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. नळजोडणीच लांबवली तर २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, पण आधी मोजणी होऊ द्या.

तापीकाठची :
दोन्ही अर्ज आज दिले, शिक्के घेतले. शुक्रवारी मोजायला येतो म्हणाले. आमच्याच ओळीतल्या सहा घरांची मागणीपत्रं बघून आले, सगळ्यांना नऊच मीटर लावलेत. त्यातल्या दोघांनी पैसे भरूनही टाकलेत. नाना, भरलेले जास्तीचे पैसे परत मागायला अर्ज कसा लिहायचा, तेवढं सांगा. एक आजी एकट्याच राहतात, त्यांचा मीच लिहून देणार आहे.