मदत हवी आहे: 'वाइल्ड बेट्टा'साठी काळं पाणी केलं, मासा मलूल झालाय

नमस्कार मंडळी,

साधे फायटर मासे (बेट्टा) तीन वर्षं पाळतोय. मागच्या आठवड्यात एका ओळखीच्याकडून 'वाइल्ड बेट्टा', म्हणजे फायटरचा जंगली भाऊबंद, म्हणून एक नर आणला. जात विचारली तर म्हणाला, "वाइल्ड म्हणजे वाइल्ड, जात कसली?" व्हिडिओंमध्ये जो तो सांगतो की यांना काळं पाणी लागतं. म्हणून दीड फुटी टाकीत निव्वळ आरओचं पाणी भरलं आणि सोसायटीतल्या देशी बदामाची पंधराएक वाळकी पानं टाकली. पाणी अगदी कोऱ्या चहासारखं झालंय. पीएच ५ च्या खाली, टीडीएस (विरघळलेले क्षार) २०. त्या माणसाकडे तो बोअरच्या पाण्यात होता, टीडीएस ४५०.

आज आठवा दिवस. पर मिटून कोपऱ्यात पडून असतो. डासांच्या अळ्या दिल्या तरी ढुंकून बघत नाही. पानं कमी पडतायत का? अजून टाकू?

डबक्यातला: पानं राहू द्या बाजूला. कल्ल्यांच्या झाकणावर पट्टे आहेत का? कुठल्या रंगाचे?

धागाकर्ता: दोन उभे पट्टे, हिरवट निळे. अंग जवळपास काळं, खवले हिरवे चमकतात. लाल कुठेच नाही.

डबक्यातला: मग बहुतेक महाचाई जातीचा आहे, आणि तुम्ही त्याला भलत्याच्याच घरात नेऊन बसवलंय.

काळं पाणी खरं, पण ते कॉक्सिना, ब्राउनोरम, मलेशियातल्या जोहोरचा पर्सेफोनी या बेट्टांच्या जातींचं. मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदली जंगलांत पालापाचोळा धड कुजत नाही, वर्षानुवर्षं साचत जातो. तिथलं पाणी आम्लधर्मी, क्षार जवळजवळ नाहीतच. तुमची टाकी त्यांना आवडली असती!

महाचाई थायलंडचा, बँकॉकजवळच्या समुत साखोनचा. त्या गावाचं स्थानिक नाव महाचाई, त्यावरूनच याचं नाव. वेगळी जात म्हणून शास्त्रीय नोंद २०१२ ची. तिथे समुद्र जवळ, पाणी निमखारं, आपल्या खाडीच्या आतल्या टोकाला असतं तसं. चिखलात नीपा नावाचे माड उगवतात, खोड जमिनीवर दिसतच नाही, झावळ्या थेट चिखलातून वर येतात. झावळीच्या बुडाशी जी खोबण असते तिच्यात पाणी साचतं आणि नर तिथे फेसाचं घरटं बांधतो. त्या भागात आता कारखाने आणि वस्ती वाढलीय, म्हणजे निसर्गातसुद्धा त्याची जागा आक्रसत चाललीय.

आपल्या दुकानातल्या फायटरचा मूळपुरुष स्प्लेंडेन्स मध्य थायलंडच्या भातखाचरांतला. आणि मलेशियातल्या पेनांगचा पग्नॅक्स तर डोंगरातल्या वाहत्या ओढ्यात राहतो, बाप अंडी तोंडात धरून फिरतो. या सगळ्यांना मिळून 'वाइल्ड बेट्टा' म्हणायचं म्हणजे कोकण आणि मराठवाडा एकच म्हणण्यासारखं.

खाऱ्यापाण्याची_हौस: मग सरळ जाडं मीठ टाका की दोन चमचे.

डबक्यातला: नको हो! तो बोअरच्या पाण्यात ठणठणीत होता. आधीच ४५० वरून २० वर आणून एक धक्का दिलाय, आता उलटा दुसरा नको. भाऊ, असं करा: रोज दोन तांबे टाकीतलं पाणी काढा, तेवढंच बोअरचं हळूहळू घाला. पानं दोन-तीनच ठेवा. आणि झाकण लावा. हे मासे पाण्यावर येऊन हवा घेतात, ती उबदार आणि दमट हवी. शिवाय उडीही मारतात. माझा एक सकाळी चपलांच्या स्टँडखाली सापडला होता, अजून वाईट वाटतं.

धागाकर्ता: बोअरचं पाणी घालायला लागल्यापासून पाचवा दिवस. टीडीएस १७०. पर अजून अर्धेच उघडतो, पण काल रात्री पृष्ठभागावरची एक अळी उचलली, आज दोन. झाकणाला आतून सारखं पाणी धरतंय, ते पुसायचं का?

डबक्यातला: हात लावू नका. त्याला तेच हवंय.