मोराझान रुतलं ते दिवा विझवल्यामुळेच?

महालचा_राजा: अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरातल्या साउथ मॅनिटू बेटावरचं दीपगृह १९५८ मध्ये बंद केलं आणि दोनच वर्षांत, २९ नोव्हेंबर १९६० ला, फ्रान्सिस्को मोराझान हे मालवाहू जहाज तिथेच रुतलं. दिवा असता तर वाचलं असतं.

बर्डीकर: नाही पटत भाऊ. त्याच दक्षिण किनाऱ्याजवळ १९०३ मध्ये वॉल्टर एल. फ्रॉस्ट रुतलं, तेव्हा दिवा पेटत होता. दाट धुकं होतं. मोराझानच्या वेळी धुकं, बर्फ, वादळी वारा, तिन्ही. १८७१ चा मनोरा ३० मीटर धरा: दिवा किती लांबून दिसेल ते २.०८ गुणिले उंचीचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ११.४ सागरी मैल. हे स्वच्छ हवेतलं. धुक्यात त्या आकड्याला अर्थ नाही. शिवाय १९३५ पासून नॉर्थ मॅनिटू शोलचं (शोल म्हणजे पाण्यातला उथळ भाग) दीपगृह भर पाण्यात उभं होतं, म्हणून तर बेटावरचा दिवा बंद करता आला.

महालचा_राजा: शोलचा दिवा उथळाची कड दाखवतो, बेटाचा किनारा नाही. कॅप्टनला दोन दिव्यांचे बेअरिंग (होकायंत्रावरच्या दिशा) मिळाले की नकाशावर जागा पक्की होते, एकावरून फक्त रेषा मिळते. हे खोडून दाखवा.

बर्डीकर: दोन बेअरिंगचं बरोबर. पण दोन्ही दिवे दिसले तर!

चुनाभट्टी_इतवारी: दिव्यावर भांडता, मनोऱ्याचं कोण बोलणार? तिथल्या जुन्या विटांवर कोणी सिमेंटचं पॉइंटिंग केलं (सांधे सिमेंटने भरले) तर आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही, गोठताना ९ टक्के फुगतं आणि विटेचा चेहराच सोलून निघतो. आपल्या वाड्यांत बर्फ नाही, पण सिमेंटमागे क्षार साचून तेच होतं.

साइट_इंजिनिअर: चुना नागपुरात टिकत नाही. दोन पावसाळ्यांत भुसा होतो.

चुनाभट्टी_इतवारी: मे महिन्यात ४५ अंशांत काम काढलं तर होणारच! पाणी उडून गेलं की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतच नाही, घट्ट कसा होणार? दिवाळीनंतर काम धरा. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, विटा भिजवा, एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू, ओलीच्या जागी थोडी सुरखी (विटांची पूड). थर दाबून भरा, आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. मसाला विटेपेक्षा मऊच हवा.

साइट_इंजिनिअर: सुरखी घातली तर मानतो. पण आठवडाभर गोणपाट ओलं ठेवणारा ठेकेदार दाखवा.

महालचा_राजा: अरे, मोराझानचं काय? माणसं सगळी वाचली, पण जहाज आजही तिथेच गंजत पडलंय.

चुनाभट्टी_इतवारी: आणि २००९ पासून मनोऱ्यावर प्रतिकृती भिंगाचा दिवा पुन्हा लागतोय. मनोरा शाबूत होता म्हणूनच ना!